लोखंडातले उजवे हात

व्हितालिस, हे लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. वसंतात लिहायचे होते, तेव्हा सम्राट बदलले. उन्हाळ्यात लिहायला बसलो तर पाटीवरचे मेण पाघळले, आणि पुन्हा सम्राट बदलले. शाळेत मी फार दिवस टिकलो नाही. अक्षरे शिकलो ती टांकसाळीत, आणि तीही उलटी, कारण लोखंडात उलटी कोरली तरच नाण्यावर सुलटी उमटतात. त्यामुळे घाई झाली की माझी ओळ अजूनही भलत्या बाजूने निघते. तसे कुठे झाले असेल तर आरसा धरून वाच, पण हसू नकोस.

आता रीतीप्रमाणे.

मी, पुब्लियस टेटियस व्हेरेकुंडस, टांकसाळीतल्या मुक्त झालेल्या दासाचा मुलगा आणि स्वतः जन्माने नागरिक, राहणार रोम शहर, आव्हेंटाइन टेकडीचा नदीकडचा उतार, दोरवाल्यांची गल्ली, नाण्यांचे साचे कोरण्यात हयात घालवून आता घरी बसलेला, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने कुठल्याही सम्राटाचे नाव घ्यावे आणि त्याच्या नाण्याच्या मागे कोणती देवी आहे, तिच्या कुठल्या हातात काय आहे, हे मला विचारावे. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करत आहे. कोणाचे दडपण नाही असे लिहायची पद्धत आहे, पण ते खोटे होईल. दडपण खाली जिन्यात बसून आमचे ऑलिव्ह खात आहे. त्याचे नाव रुफियो, माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. मी हे लिहितो आहे ते त्याला न जुमानता.

पहिले कलम. माझा मुलगा पुब्लियस टेटियस व्हितालिस, सध्या मुक्काम पश्चिमेच्या टोकाला गादेस बंदर, हा माझा एकमेव वारस असावा. माझ्या मृत्यूपासून, नेहमीच्या रीतीप्रमाणे, शंभर दिवसांच्या आत त्याने साक्षीदारांसमोर उभे राहून ‘मी हा वारसा स्वीकारतो’ असे तोंडाने म्हणावे, आणि ते म्हटल्याचा पुरावा त्याच मुदतीत रोमला पोचावा. तसे न झाल्यास तो वारस नाही.

हे शंभर दिवस तुला बातमी कळल्यापासून धरावेत असे मी आधी लिहिले होते. ओक्लातियस पाववाल्याने ते खोडायला लावले. ओक्लातियस आयुष्यभर खटले हरत आला आहे, त्यामुळे त्याला कायदा येतो.

तो म्हणाला, “अरे, पोराला कधी कळलं हे कोण ठरवणार? तोवर घर बिनमालकाचं. रुफियो आत येऊन बसेल, आणि बसलेल्या माणसाला उठवायला मला तरी कधी जमलंय का?”

“आणि व्हितालिसने हो म्हटलंच नाही तर?”

“तर हे सगळं लिहिलेलं दिव्यात घालायला चांगलं. पोराच्या खालोखाल जवळचा पुरुष नातेवाईक कोण? रुफियो. घर त्याचं, हत्यारं त्याची, क्रेस्ते त्याची.”

“पण क्रेस्तेला मी मुक्त केलंय, पुढच्याच कलमात.”

“वारसच उभा राहिला नाही तर तेही कलम त्याच दिव्यात. दुसरा वारस म्हणून रुफियोचंच नाव घाल, म्हणजे त्याला तुझी कलमं पाळावी लागतील.”

मी म्हटले, “तो कशाला वारस व्हायला हो म्हणेल? नाही म्हटलं की त्याला सगळं कायद्यानंच मिळतं, क्रेस्तेसकट.”

ओक्लातियस म्हणाला, “इतकी वर्षं ही अक्कल कुठं ठेवली होतीस रे?”

तर असे आहे. आणि समुद्र लवकरच हिवाळ्यासाठी बंद होईल, मग वसंतापर्यंत जहाजे नाहीत. रुफियो ते बरोबर जाणून आहे. परवा पायरीवर बसून बिया थुंकत म्हणाला, “काका, उगीच घाई करू नका. तब्येतीला जपा. थंडी पडू द्या. समुद्र बंद झाला की माझं दार उघडलं.”

दुसरे कलम. माझी दासी क्रेस्ते, जिने माझ्या बायकोच्या मागे व्हितालिसला वाढवले, ती माझ्या मृत्यूनंतर मुक्त असावी. वरची मागली खोली, तिचे अंथरूण, दोन्ही पातेली, विस्तवाचे चिमटे आणि तिला हवी ती एक कोंबडी तिची.

जिवंतपणीच मुक्त का केले नाही, असे तू विचारशील. त्यासाठी अधिकाऱ्यासमोर उभे राहावे लागते. मी काठी टेकत चौकापर्यंत गेलो होतो. कचेरीच्या दारावरच्या माणसाला विचारले, “साहेब कधी भेटतील?”

तो म्हणाला, “कुठले साहेब आजोबा? नेमलेले, पळालेले, का येणारे?”

मी परत आलो. तेव्हापासून छातीत दुखते.

क्रेस्ते रुफियोच्या हाती गेली तर काय होईल ते स्पष्ट लिहितो. रुफियो नदीपलीकडे नाणी बनवतो. आत तांबे, वर चांदीचा पातळ पत्रा, आणि वर चालू सम्राट, मग तो कोणीही असो. पत्रा तांब्याला नीट धरायला विस्तव एका ठरावीक रंगावर आणावा लागतो, आणि तो रंग क्रेस्तेला दिसतो. माझे साचे तीच तापवून पाणी देत आली. अशा कामात नागरिक सापडला तर बेटावर धाडतात. दास सापडला तर खांबाला ठोकतात. रुफियोला सापडायला कोणीतरी दास हवा आहे.

गेल्या आठवड्यात तो तिला माझ्यासमोरच म्हणाला, “काय हात बसलाय तुझा विस्तवावर! आणि काका तुझ्याकडून डाळ शिजवून घेतात.”

क्रेस्ते म्हणाली, “वरून चांदी आणि आतून तांबं अशी माणसं मी पुष्कळ बघितली, धाकटे धनी. त्यांना विस्तवाजवळ नेऊ नये. सोलवटतात.”

तो हसला. “बोल बाई, बोल. काका गेल्यावरही बोलायला तुझ्याकडे शंभर दिवस आहेत.”

ती आत गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. डाळ करपली. या घरात डाळ कधी करपत नाही.

तिसरे कलम, त्या दोन हातांविषयी. याच्यामुळे तू गेलास आणि याच्याच भीतीने येत नाहीस, म्हणून हे नीट लिहितो.

तेव्हाच्या सम्राटांनी (नाव लिहीत नाही, हे उघडले जाईल तेव्हा कोण गादीवर असेल ते माहीत नाही) सैन्यासाठी नवीन नाणे मागवले. एका बाजूला त्यांचे मुख, डोक्यावर सूर्याच्या किरणांचा मुकुट. दुसऱ्या बाजूला एकमेकांत घट्ट धरलेले दोन उजवे हात, मध्ये सैन्याचे निशाण. म्हणजे सैन्य आणि सम्राट यांची शपथ. मुख मी कोरले. मला नवीन मुख जमत नव्हते, म्हणून गळा त्यांच्या आधीच्या सम्राटांचाच ठेवला, कोणाला कळले नाही. हातांची बाजू तुला दिली. तुझे ते पहिले मोठे काम.

तू मला म्हणालास, “बाबा, नमुना?” मी माझा उजवा हात पुढे केला. तू तुझ्या उजव्या हातात तो धरलास आणि कितीतरी वेळ बघत राहिलास. मग जसा दिसला तसा लोखंडात कोरलास. लोखंडात उजवा कोरला की चांदीवर डावा उमटतो. धान्याने भरलेले शिंग देवीच्या डाव्या हातात हवे तर आपण साच्यात ते उजव्यात देतो, हे आपल्या घरात कोंबडीलाही माहीत आहे. शपथ डाव्या हाताने घेतली की ती मोडलीच असे समजावे. आणि तू सबंध सैन्याला डाव्या हाताने शपथ घ्यायला लावलीस.

एक थैली डॅन्यूबच्या छावणीकडे निघूनही गेली होती. मग मुकादम एपाफ्राने एक नाणे उचलून डोळ्याजवळ नेले आणि म्हणाला, “हे काय रे? शपथ घेताहेत का चोरीचा माल वाटून घेताहेत?” तो हसला, आणि हसता हसता पांढरा पडला. त्याने छिन्नी घेऊन साच्यावर आडवा घाव घातला, बाकीची नाणी भट्टीत टाकली, आणि म्हणाला की वरून विचारणा झाली तर हा सम्राटांचा अपमान ठरेल आणि तो कोणाला तरी पुढे करणार.

नंतर घरी आपण जे बोललो ते मला पाठ आहे.

“मी म्हटलं होतं, बघ आणि उलटा कोर.”

“तुम्ही म्हणालात, धर आणि नीट बघून कोर. मी धरला. बघितला. कोरला.”

“उलटा, हे सांगायला लागतं? कोळ्याला पाणी ओलं असतं हे सांगतात का?”

“मग स्वतःच कोरायचा होता!”

क्रेस्ते मध्ये पडली, “दोघं आधी जेवा, मग एकमेकांना खा.” तू जेवला नाहीस. ओस्टियाला जाऊन जहाजात बसलास.

हा वाद मी या मृत्युपत्राने मिटवत नाही. मी ‘उलटा’ म्हटले होते. माझे म्हणणे कायम आहे.

पुढे त्या सम्राटांना त्यांच्याच सैनिकांनी छावणीत मारले, आणि लोक म्हणू लागले की डाव्या हाताची शपथ फळली. नंतर कमानींवरून त्यांचे नाव छिन्नीने उडवले. त्यांच्या नाण्यांवर बायका-पोरे सुयांनी डोळे खरवडतात आणि कोणी अडवत नाही. मी कोरलेले डोळे. तेव्हा त्यांचा अपमान हा आज गुन्हा नाही. आज नाही, एवढेच मी लिहून देऊ शकतो. उत्तरेकडून सैन्य घेऊन जे नवे सम्राट व्हायला येत आहेत म्हणतात ते या मेलेल्या सम्राटांचे मित्र आहेत की शत्रू, हे बाजारात रोज बदलते.

चौथे कलम. त्या थैलीतले एक नाणे रुफियोकडे आहे. ते त्याला कोणा सैनिकाकडून मिळाले. तो ते मला दाखवतो आणि मुठीत मिटतो.

“व्हितालिसनं ओस्टियाला पाय ठेवला, की मी हे घेऊन दरबारात जाईन.”

मी विचारले, “कुठल्या दरबारात?”

“जो भरला असेल त्या. काका, मला निवड नाही.”

व्हितालिस, आता नीट वाच. त्या नाण्यावर खालून धरलेल्या हाताची करंगळी वाकडी आहे. तू बघितलेस तेच कोरलेस, एक सुरकुतीही सोडली नाहीस. तरुणपणी या बोटावर घण पडला होता, तेव्हापासून ते कोणाचेही ऐकत नाही. टांकसाळीतला प्रत्येक माणूस ते ओळखतो. दुसरा हात कोवळा आहे, त्याच्यावर काही खूण नाही. असे हात रोममध्ये गल्लीगल्लीत आहेत. उद्या कोणी चौकशी केली तर त्या नाण्यावरून एकाच माणसाचा माग लागतो, आणि तो मी आहे.

मी भित्रा आहे, हे तुला माहीत आहे. कोणी नुसता आवाज चढवला तरी मी तुझे नाव सांगून मोकळा झालो असतो. म्हणूनच इतकी वर्षे तुला ‘ये’ म्हणून लिहिले नाही. माझ्या तोंडाचा मला भरवसा नव्हता. आता वैद्य म्हणतो की छातीचे दुखणे फार दिवस वाट बघणार नाही, आणि मला त्या माणसाचा राग येतो. पण यात एक सोय आहे. चिता विझली की त्या वाकड्या बोटाला काही विचारायला जागा उरणार नाही.

म्हणून मी इथे जाहीर करतो की त्या नाण्यावरचा वाकड्या करंगळीचा हात माझा आहे. याहून जास्त जे कोणाला हवे असेल त्याने ते माझ्या राखेला विचारावे.

पाचवे कलम, किरकोळ. घर व्हितालिसचे, खालच्या दुकानासह. शेजारच्या धोब्याला आमच्या भिंतीवर कपडे वाळत घालायचा हक्क कधीही नव्हता आणि माझ्या मृत्यूने तो निर्माण होत नाही. सगळ्या कोरण्या, गिरमिट, दोन्ही लहान घण व्हितालिसचे. मोठा चिमटा एपाफ्राला द्यावा. तो मी चोरलेला नव्हता, मला दिला होता, पण त्याने तो घ्यावा आणि आता तरी गप्प बसावे.

शिलकीची चांदी तीन मडक्यांत आहे, कुठे ते क्रेस्ते सांगेल. मी ती रकमेने लावलेली नाही, चित्रांनी लावली आहे. पहिल्यात देवी: तराजूवाली, शिंगवाली, सुकाणूवाली. दुसऱ्यात जे सम्राट मेल्यावर देव म्हणून जाहीर झाले ते, मागच्या गरुडासकट. तिसऱ्यात जे नुसतेच मेले ते. पहिली दोन मोडू नकोस, ती जुनी चांदी आहे. तिसऱ्यातली आधी खर्च कर. अलीकडच्या सम्राटांच्या नाण्यांत चांदी इतकी थोडी असते की चार महिने हाताळले की आतले तांबे वर येते आणि महाराजांचे नाक लाल होते. सगळे पडसे झाल्यासारखे दिसतात. हे वाक्य कोणाला वाचून दाखवू नकोस.

पुतण्या रुफियो याला पहिल्या मडक्यातले एक नाणे द्यावे, इमानाच्या देवीचे. खऱ्या चांदीचे वजन हातात कसे लागते ते त्याला कळावे, यापलीकडे माझा हेतू नाही. बाकी कशावरही त्याचा हक्क नाही.

मेलेल्यांना पलीकडे नेणाऱ्या नावाड्यासाठी माझ्या जिभेखाली नाणे ठेवाल त्याचा विचार मी पुष्कळ केला. जिवंत सम्राटाचे ठेवावे तर तो तोवर बदलेल. मेलेल्याचे ठेवावे तर तो पलीकडे भेटेल आणि गळा दुसऱ्याचा का लावलास म्हणून विचारील. दोन्ही बाजूंना देवता असलेले नाणे मी कधी पाहिले नाही. शेवटी क्रेस्ते म्हणाली, “धनी, तिकडे अंधार असतो. तो नुसतं चाचपून घेत असेल.” तर जे हाताला येईल ते ठेवावे.

सहावे कलम. ऑलिव्हच्या बुधलीवर वजन म्हणून जो लोखंडाचा गोल तुकडा पालथा ठेवलेला असतो, तो व्हितालिसचा. तो कोणाला विकू नये, वितळवू नये. एपाफ्राने घाव घालून भिरकावलेला तुझा साचा तो हाच. क्रेस्तेने तो त्याच दिवशी पदराखाली घालून आणला. रुफियो इतकी वर्षे त्याच बुधलीतले ऑलिव्ह खातो आहे, आणि आत्ताही खाली तेच करतो आहे. झाकण काढताना तो तुकडा रोज स्वतःच्या हाताने बाजूला ठेवतो.

काल क्रेस्तेने तो पुसून माझ्या हातात दिला. डोळ्यांना आता फारसे दिसत नाही, म्हणून मी करंगळी फिरवून बघितले. घाव एका कडेला, मनगटावरून गेला आहे. बोटांना लागलेला नाही. तू ये आणि उजेडात धरून बघ. चांदीवर काय उमटले ते जगाने बघितले, पण लोखंडात तुझा हात उजवा आहे आणि माझाही उजवा आहे.

या मृत्युपत्रात कोणाची लबाडी शिरू नये, आणि कोणी शब्दांचा वेडावाकडा अर्थ लावू नये. मूळ पाट्या आता बंद झाल्या, इथून पुढचे फक्त तुझ्या नकलेत लिहितो. साक्षीदारांना आत काय आहे ते दाखवलेले नाही. पाट्या दोऱ्याने बांधून वर त्यांनी आपापल्या शिक्क्याच्या अंगठ्या उमटवल्या आहेत, त्या अशा:

ओक्लातियस, पाववाला. त्याने खोडाखोड सुचवली ती पहिल्या कलमापुरती, पुढचे त्याने वाचलेले नाही.

एपाफ्रा, टांकसाळीचा मुकादम. चिमट्याचे त्याला माहीत नाही.

कानिनियस, शेजारचा धोबी. त्याने विचारले, “माझ्याबद्दल काही चांगलं लिहिलंय ना?” मी म्हटले, लिहिले आहे.

टर्पिलियस, न्हावी.

बेटुशियस, दोरवाला, ज्याने दोराही दिला.

मिनुशियस, दिवे विकणारा.

आणि एक खेचरवाला, नाव सेप्टुमियस, जो रस्त्याने चालला होता आणि सातवा माणूस मिळेना म्हणून वर बोलावला. त्याला घाई होती. जिन्यात रुफियोने त्याला विचारले, “वर काय चाललंय?” तो म्हणाला, “म्हातारा काहीतरी बांधतोय.”

लिहिणार आणि शिक्का मारणार: पुब्लियस टेटियस व्हेरेकुंडस. शिक्का तराजूचा.

ठिकाण रोम. दिवस, सप्टेंबर संपायच्या आतला, द्राक्षे खुडून झाल्यानंतरचा. वर्षाला ज्या दोन अधिकाऱ्यांची नावे द्यायची त्यातला एक मारला गेला आणि दुसरा कोण हे अजून ठरलेले नाही, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली आहे.

ही नक्कल तेलाच्या जहाजाच्या तांडेलाबरोबर तुझ्याकडे निघते आहे. त्याचे जहाज परत येईल ते बहुधा या हंगामातले शेवटचे. शंभर दिवसांत गादेसला बातमी जाऊन उलट उत्तर यायचे, तेही हिवाळ्यात, हे जमणार नाही. तू इथे हवास, निदान ओस्टियात हवास. तू म्हणायचा तो शब्द कायद्याने मी गेल्यावरच मोजतात, हे मला कळते. पण निघालास एवढा निरोप तरी आधी येऊ दे. क्रेस्ते आत्तापासूनच रोज नदीवर जाऊन वर येणाऱ्या होडीवाल्यांना तुझ्याविषयी विचारते आणि परत येऊन डाळ चढवते. मी मरायचे जमेल तितके लांबवतो. तू लवकर निरोप पाठव.